डिझेल वाचते ते चालवणाऱ्याच्या पायात

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही दरवेळी बेणे, खोडवा, पाचट, हुमणी असे विषय घेतो. या खेपेला जरा वाट सोडून लिहीत आहोत. विषय आहे गाडी चालविण्याचा. जीप असो, घरची मोटार असो की उसाचा ट्रॅक्टर असो, ती कमी तेलात कशी चालवावी याचा. "शेतकी खात्याने हे काम कधीपासून घेतलं?" असे कुणी विचारील. हिशेब सरळ आहे. फडातला ऊस गव्हाणीत येतो तो डिझेलवर. तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊनच उसाचे बिल आपल्या हाती पडते. शिवाय वाहतुकीचा करार केलेले कितीतरी ट्रॅक्टर सभासदांच्याच घरचे आहेत. त्यांचे डिझेल तर थेट स्वतःच्या खिशातून जळते.

तेलाची काटकसर ही काही नवी गोष्ट नाही. १९७३ साली अरब-इस्रायल युद्ध झाले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढे १९७८ साली तेलबचतीचा प्रचार आणि संशोधन करण्यासाठी केंद्र सरकारने पी.सी.आर.ए. ही संस्था काढली. आजही देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. २०१४ च्या ऑक्टोबरपासून डिझेलचा दर बाजारावर सोपवला गेला. तो दर ठरवणे आपल्या हातात नाही. लिटरमागे किती किलोमीटर जायचे, हे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे. हातात म्हणण्यापेक्षा पायात आहे.

पण हा लेख लिहायला बसण्याचे खरे कारण निराळे आहे. ते आधी सांगतो.

खिंडीच्या उतारावरची गोष्ट

२०२४-२५ च्या गळीत हंगामातली गोष्ट. आमच्या गटातल्या एका सभासदाचा मुलगा दोन ट्रॉल्या ऊस भरून कारखान्याकडे निघाला होता. वाटेत खिंडीचा उतार आहे. उताराच्या तळाला वळण आहे आणि वळणावरच कॅनॉलचा पूल. पोराने उताराच्या माथ्यावर गिअर काढला आणि ट्रॅक्टर न्यूट्रलवर सोडून दिला. निम्म्या उतारावर वेग आवरेना. ब्रेक दाबला तर मागच्या ट्रॉल्या पुढे ढकलू लागल्या. गिअर टाकायला गेला तर तो नुसता करकरला, पडेना. वळणावर ट्रॅक्टर आडवा झाला आणि मागची ट्रॉली उसासकट कॅनॉलच्या बाजूला पालथी झाली. दैव बलवत्तर म्हणून पोरगा वाचला. पाय मोडला, तीन महिने अंथरुणात गेले. आता तो हिंडतो-फिरतो.

आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो. त्याला विचारले, "का रे बाबा, भरल्या ट्रॉल्या घेऊन न्यूट्रल कशाला केलंस?"

तो म्हणाला, "साहेब, डिझेल वाचवत होतो. तुम्ही नाही का परवाच्या मीटिंगला सांगितलं, डिझेल वाचवा म्हणून?"

आम्ही म्हटले, "न्यूट्रल करा असं कुठं सांगितलं होतं?"

त्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "सांगितलं नव्हतं. पण प्लॉट बघायला तुमच्या जीपमधनं आलो होतो की. त्याच उतारावर तुम्ही जीप न्यूट्रलला सोडली होती."

आम्हाला उत्तर देता आले नाही. गोष्ट खरी होती. वीस वर्षे आम्ही त्या उतारावर जीप न्यूट्रल करत आलो होतो, आणि वर त्याचा अभिमान बाळगत होतो. सभेत तोंडाने जे सांगितले ते पोराच्या ध्यानात राहिले असेल-नसेल, पण जीपमध्ये डोळ्यांनी पाहिलेले त्याने उचलले. सबब हा लेख म्हणजे थोडीफार आमची दुरुस्तीच समजावी.

न्यूट्रलमध्ये तेल वाचत नाही, ते का?

ही सवय आली कार्बोरेटरच्या जमान्यातून. जुन्या पेट्रोल गाडीत रेसवरचा पाय काढला तरी इंजिन फिरत असेतो थोडेफार पेट्रोल ओढतच राही. म्हणून उतारावर गिअर काढून टाकण्यात त्या काळी थोडा अर्थ होता. आता नव्या मोटारींतून कार्बोरेटर केव्हाच गेला. इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअर ठेवून पाय उचलला, की आतली यंत्रणा तेलाचा पुरवठा बंद करते. गाडीची चाके इंजिनाला फिरवतात, तेल फिरवत नाही. वेग फारच कमी झाला म्हणजे मग ती तेल पुन्हा चालू करते.

"आमच्या जुन्या ट्रॅक्टरात कुठला आलाय कॉम्प्युटर?" असे कुणी म्हणेल. त्याची गरजही नाही. ट्रॅक्टरच्या डिझेल पंपाला गव्हर्नर असतो. रेस कमी ठेवली आणि उतारामुळे इंजिन त्याहून जास्त फिरू लागले, की गव्हर्नर पंपाचे डिझेल तोडतो. हे साध्या यंत्राचे काम आहे आणि कित्येक वर्षांपासून चालत आले आहे.

न्यूट्रलमध्ये उलट होते. इंजिन चाकांपासून सुटे पडते. ते बंद पडू नये म्हणून त्याला तेल द्यावेच लागते. ट्रॅक्टर जागेवर चालू राहिला तर तासाला साधारण १ लिटर डिझेल खातो असे धरू. एक किलोमीटरचा उतार ताशी २० किलोमीटरने उतरायला ३ मिनिटे लागतात. म्हणजे न्यूट्रलमध्ये ५० मिलिलिटर डिझेल जळाले. गिअरमध्ये उतरला असता तर जवळजवळ काहीच जळले नसते. ज्या बचतीसाठी पोराने पाय मोडून घेतला, ती बचत मुळात नव्हतीच.

न्यूट्रलमध्ये गाडी पुढे थोडी जास्त लांब घरंगळते, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या उतारावर ब्रेक धरावा लागतो, तिथे त्या घरंगळण्याचा काय उपयोग? ते सगळे ब्रेकच्या लायनरमध्ये जळून जाते. आणि इंजिनाचा जो ब्रेक फुकट मिळतो, तो आपण हातचा घालवून बसतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. ते तापले की पकडत नाहीत.

तेव्हा इतके पक्के ध्यानात ठेवावे. जो चढ ज्या गिअरमध्ये चढावा लागेल, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरावा. गिअर माथ्यावरच टाकावा, निम्म्यात नव्हे. ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल रस्त्यावर एकत्र अडकवलेले असावेत. नाहीतर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर फिरतो. आणि मोटारीत उतारावर इंजिन बंद करण्याचा शहाणपणा तर कधीच करू नये. इंजिन बंद झाले की दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, पॉवर स्टिअरिंगही जड होते.

एक जीप, दोन ड्रायव्हर

मग तेल वाचते कुठे? ते आम्हाला कुठल्या पुस्तकाने शिकवले नाही, आमच्या खात्याच्या जुन्या ड्रायव्हरने शिकवले. सगळे त्यांना मामा म्हणत. जीप तीच, रस्ते तेच, बसणारे साहेबही तेच. मामांच्या हाती जीप लिटरला १२ किलोमीटर जाई. मामा सुट्टीवर गेले आणि दुसरा तरणा ड्रायव्हर आला, की तीच जीप १० वर येई. आम्ही आधी पंपावर संशय घेतला, मग जीपवर. शेवटी एक दिवस मामांच्या शेजारी बसून नुसते त्यांचे पाय बघितले.

मामांचा पाय रेसवर असा पडे जणू पायाखाली अंडे ठेवले आहे. पहिला गिअर नुसता गाडी हलविण्यापुरता. लगेच दुसरा, मग तिसरा. रस्ता सपाट आणि मोकळा असला की ताशी ४५-५० ला गाडी टॉप गिअरमध्ये आलेली असे. इंजिनाचा आवाज कधी वर चढलेला ऐकू येत नसे. तरणा ड्रायव्हर दुसऱ्या गिअरवरच इंजिन रडवी आणि मग तिसरा टाकी. वरच्या गिअरमध्ये तितक्याच रस्त्याला इंजिनाचे फेरे कमी होतात. फेरे कमी म्हणजे इंजिनाची स्वतःची घासाघीस कमी आणि तेलही कमी.

पण याचाही अतिरेक नको. चढावर किंवा भरल्या गाडीला वरच्या गिअरमध्ये रेटू नये. इंजिन धडधडू लागले, गाडी गचके देऊ लागली किंवा धुराड्यातून काळा धूर आला, की समजावे गिअर उतरवायला उशीर झाला. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. ते आपण पैसे मोजून हवेत सोडतो. इंजिन रडूही नये आणि कण्हूही नये, असे मामा म्हणत.

ब्रेक हा तेलाचा शत्रू

मामांचे दुसरे एक वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. "साहेब, गाडी ब्रेकनं थांबते, पण ॲव्हरेजबी ब्रेकनंच मरतं." आम्ही त्याचा हिशेब मांडून पाहिला. हजार किलो वजनाची मोटार ताशी ६० च्या वेगात आणायला ढोबळमानाने १५ ते २० मिलिलिटर पेट्रोल लागते. पुढे स्पीडब्रेकर दिसला, ऐनवेळी कचकन ब्रेक मारला, की ते पेट्रोल गेले. पुन्हा वेग घ्यायला पुन्हा तेवढेच.

दोन भरल्या ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मिळून २० टन वजन धरले, आणि वेग ताशी २० धरला, तर एकदा थांबून पुन्हा वेग घेण्याचे सुमारे ३० मिलिलिटर डिझेल होते. एका खेपेत अशी २० वेळा थांबाथांब झाली तर ६०० मिलिलिटर. दिवसाला एकच खेप आणि हंगामाचे १०० दिवस धरले तरी ६० लिटर. सगळे वाचणार नाही, रस्त्यात माणसे-जनावरे असतातच. पण निम्मे तरी वाचेल.

यावर उपाय एकच, लांब नजर. मामा पुढच्या गाडीच्या पाठीकडे बघत नसत, त्यापलीकडच्या रस्त्याकडे बघत. फाटा दिसला, स्पीडब्रेकर दिसला, शाळा सुटलेली दिसली, की शंभर पावले आधी त्यांचा पाय रेसवरून उचललेला असे. गाडी गिअरमध्येच हळू होत जाई. तेल बंद, ब्रेकची झीज बंद. तिथे पोचेपर्यंत वाट मोकळी झाली तर थांबावेच लागत नसे. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवले तरच हे जमते. तेलही वाचते आणि माणसेही वाचतात.

क्लचविषयी थोडक्यात. गिअर बदलून झाला की पाय क्लचवरून खाली घ्यावा. नुसता टेकवून ठेवला तरी प्लेट घसरते, तापते आणि इंजिनाची ताकद चाकापर्यंत पूर्ण पोचत नाही. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरणे तर फारच वाईट. त्यासाठी हॅन्डब्रेक दिलेला आहे.

यार्डातली रांग

आता आमच्या कारखान्याच्याच दारात येऊ. हंगाम भरात असताना काट्यापुढे रांग लागते. तासनतास लागते, हे आम्ही मान्य करतो, आणि ती कमी करणे हे कारखान्याचे काम आहे. पण त्या रांगेत निम्मे ट्रॅक्टर चालूच असतात. आम्ही एका रात्री चहा घेत एकेका ड्रायव्हरला विचारत गेलो. वाटले होते, आळस असेल. तसे नव्हते. "साहेब, बॅटरी उतरलीय. बंद केला तर धक्का मारायला माणसं कुठनं आणू?" हे उत्तर बहुतेकांनी दिले.

इथे हिशेब करावा. रोज ३ तास ट्रॅक्टर उभ्या उभ्या चालू राहिला, तासाला १ लिटर धरले, हंगाम १०० दिवसांचा धरला, तर ३०० लिटर डिझेल झाले. लिटरला ९० रुपये दर धरला तर २७,००० रुपये. नवी बॅटरी कितीला येते ते दुकानात विचारा आणि वजाबाकी तुम्हीच करा. बॅटरी नवी घेण्याइतके पैसे हाताशी नसतात, म्हणून आपण तिच्या कितीतरी पट पैसे धुरात घालवतो. तेव्हा हंगामाआधी ट्रॅक्टरची बॅटरी, सेल्फ आणि डायनामो दाखवून घ्यावे. रांगेत पुढे सरकायला वेळ आहे असे दिसले की इंजिन बंद करावे.

मोटारीलाही हेच लागू. दुकानापुढे, फाटकापुढे मिनिटापेक्षा जास्त थांबायचे असेल तर बंद करावी. सकाळी गाडी चालू करून दहा मिनिटे अंगणात ठेवण्याचीही गरज नाही. अर्धा-एक मिनिट पुरे, मग पहिले दोन किलोमीटर हळू न्यावी.

हवा, वजन, वेग

टायरमधली हवा कमी म्हणजे चिखलातून चालल्यासारखे. तेलही जास्त, टायरचे आयुष्यही कमी. गाडी थंड असताना, पंधरा दिवसांतून एकदा, पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे हवा तपासावी. ट्रॉलीच्या टायरकडे कुणी बघतच नाही, तेही बघावे. ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरमध्ये हंगामात धूळ फार बसते. ऑईल बाथचे असेल तर तळातले तेल वेळच्या वेळी बदलावे. मोटारीच्या टपावरचे रिकामे कॅरिअर काम नसताना काढून ठेवावे.

वेगाविषयी एकच उदाहरण. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात, तर तो दीडपटीहून जास्त होतो. चाळीस किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव, रस्ता मोकळा मिळाला असे धरले तरी, ८० ने ३० मिनिटांत येते आणि १०० ने २४ मिनिटांत. सहा मिनिटे वाचवून तिथे जाऊन आपण चहाच पितो.

वही घाला

ज्याचा हिशेब नाही त्याची बचत नाही. एकदा टाकी काठोकाठ भरा, मीटरचा आकडा वहीत लिहा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा. मधले किलोमीटर भागिले आता बसलेले लिटर, हे तुमचे ॲव्हरेज. अंदाजाने पाचशेचे-हजाराचे तेल टाकून हा आकडा कधीच निघत नाही. ट्रॅक्टरला किलोमीटरऐवजी खेपा किंवा तास लिहावेत. ॲव्हरेज एकाएकी घसरले तर गाडी काहीतरी सांगते आहे असे समजावे. ब्रेक जाम असेल, इंजेक्टर खराब असेल, कुठे गळती असेल.

पेट्रोल गाडीवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यात आपल्याच उसाचा मोठा वाटा आहे. पण लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे जुन्या वहीतल्या आकड्यापेक्षा आताचा आकडा काही टक्क्यांनी कमी दिसला, तर लगेच मेकॅनिककडे धावू नये. उसाला मागणी आली, त्याचा आनंद मानावा, आणि उरलेले पायाने भरून काढावे.

शेवटी

या हंगामाआधी प्रत्येक गट ऑफिसात वाहतूकदार आणि ड्रायव्हर यांची एक बैठक आम्ही घेणार आहोत. तिथे खिंडीच्या उताराची गोष्ट तो पोरगा स्वतः सांगणार आहे. आम्ही विचारले तेव्हा तो लगेच तयार झाला. म्हणाला, "सांगतो की. पण साहेब, तुम्ही जीप गिअरमध्ये आणली तरच येतो."

आम्ही आणू. सभासदांनीही आपल्या घरच्या पोरांना शेजारी बसवताना हे ध्यानात ठेवावे. आपण काय बोलतो ते ती ऐकतात की नाही, सांगता येत नाही. आपले पाय मात्र ती बघत असतात.